३० सप्टेंबरला पोर कुठे होतं? नाशिकच्या मनपा शाळा, शिक्षक आणि पैसा

पेठरोडकर (धागा काढणारा)

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेठ रोडच्या अंगाला एका प्राथमिक शाळेत पुस्तकं द्यायला गेलो होतो. आमच्या मुलीची जुनी, चित्रांची. एरवी तिथे दोन खोल्यांत वर्ग भरतात, त्या दिवशी एकच खोली. साठेक पोरं. पहिली-दुसरी फळ्याकडे तोंड करून, तिसरी-चौथी त्यांच्या पाठीला पाठ लावून भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशाकडे. मधोमध बाईंनी फरशीवर खडूने रेघ मारलेली. "ही आमची भिंत," बाई म्हणाल्या. रेघेवरच एक दीड-दोन वर्षांचं बाळ बसलं होतं, तिसरीतल्या बहिणीबरोबर आलेलं. आई-बाप मखमलाबादकडे बागेत. बाळाचं नाव हजेरीत नाही, पण त्याला पाटी आहे आणि खिचडीत वाटा आहे.

फळ्याच्या कोपऱ्यात पट लिहिलेला: ८३. मंजूर शिक्षक दोन. दुसरे सर मतदार यादीच्या कामाला गेलेले. ८३ ला दोनच कसे, असं विचारलं तर बाईंनी एका वाक्यात संपवलं. ३० सप्टेंबरला पट ५७ होता.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी. शाळेला शिक्षक किती, हे संच मान्यतेत ठरतं आणि संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष आणखी आवळले. त्यात सहावी ते आठवीला वीसच्या खाली पट गेला तर शिक्षकच मंजूर होत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचं पंचांग बघा. ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी सुरू होते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरून माणसं भात कापून, दिवाळी करून खाली उतरतात. कुणी दिंडोरी-निफाडच्या बागांत, कुणी म्हसरूळ-आडगावला, कुणी नाक्यावर उभं राहून बिल्डिंगच्या कामाला. पोरं बरोबर. शिमग्याला परत. मोजणी होते तेव्हा पोर पाड्यावर असतं आणि वर्गात बसायची वेळ येते तेव्हा आमच्या त्या रेघेवर.

मनपा शाळांत आता कोण उरलंय, हे एकदा जाऊन बघाच. ज्यांना बाहेर पडता आलं ते पडले. उरली ती फुलेनगरची, चुंचाळे घरकुलाची, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कंत्राटी असलेल्या यूपी-बिहारच्या लोकांची आणि ही छाटणीवाल्यांची. सगळी हलती पोरं. आणि शिक्षक द्यायचं गणित मात्र जागच्या जागी राहणाऱ्या पोरांचं.

माझं म्हणणं: पट वर्षातून तीनदा मोजा. सप्टेंबर, डिसेंबर, फेब्रुवारी. वाढेल तिथे मनपाने स्वतःच्या खर्चाने चार महिन्यांचे मानधनावरचे शिक्षक द्यावेत. चार वर्षं प्रशासक होते, तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. आता नगरसेवक आलेत. हे होईपर्यंत स्मार्ट स्कूलचं कौतुक मला सांगू नका.

हिशोबनीस

भावना पोचल्या. आता आकडे.

समजा त्या दोन शिक्षकांचा पगार सरासरी ८० हजार धरला. जुन्या शिक्षकाचा याहून जास्तच असतो. दोघांचे वर्षाचे १९ लाख २० हजार. ५७ मुलांनी भागा: एका मुलामागे साधारण ३३ हजार ७००. हा फक्त पगार. इमारत, वीज, खिचडी, गणवेश, पुस्तकं वेगळी. याच राज्यात शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत गेलेल्या मुलामागे सरकार वर्षाला १७ हजार ६७० रुपये देतं (देतं म्हणजे द्यायचं कबूल करतं, थकबाकीबद्दल संस्थाचालकांना विचारा). मनपाच्या मुलावर त्याच्या जवळजवळ दुप्पट जातात, तेही निव्वळ पगारात. तरी लोक पोरं काढून नेतात.

म्हणजे पैसा कमी पडतोय, हे मला पटत नाही. पैसा विखुरलाय. गल्लीगल्लीत छोटी शाळा, प्रत्येकीत दोन शिक्षक, चार इयत्ता. २०१७ मध्ये मनपाने सव्वाशेच्या घरातल्या शाळा एकत्र करून नव्वदच्या आसपास आणल्या, तेव्हाही ओरड झाली होती. मी म्हणतो अजून करा. ४०० पटाची एक शाळा केली तर वर्गाला शिक्षक मिळतो, वर मुख्याध्यापक मिळतो आणि तुमच्या बाईंना खडूची भिंत घालावी लागत नाही. ते चार महिन्यांचे मानधनवाले म्हणजे नव्या बाटलीत जुनी दारू.

पेठरोडकर

हिशोबनीस, ४०० पटाच्या शाळेत सहा वर्षांचं पोर जाणार कसं? पेठ रोड ओलांडून? तिथे मोठी माणसं जीव मुठीत धरून ओलांडतात.

हिशोबनीस

बस लावा. दोन शिक्षकांच्या पगारापेक्षा बस स्वस्त पडते. खासगीवाल्यांनी पिवळ्या व्हॅनवर अख्खं नाशिक जिंकलं.

दगडी पूल

मानधन म्हटलं की आयुक्तांच्या टेबलावरून एकच वाक्य येणार: आस्थापना खर्च (पगार-भत्ते) ३५ टक्क्यांच्या वर गेलाय, भरती करता येत नाही. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या खात्यांबद्दल ऐकलंय की ते पालिकेच्या बोधचिन्हाखाली छापावं.

खडूफळा

मी शिक्षिका आहे. याच शहरात, २३ वर्षं. शाळेचं नाव सांगणार नाही, नोकरी करायचीय.

पेठरोडकरदादांनी रेघ बघितली, बरं वाटलं. पण ८३ चा आकडासुद्धा मोठा सोपा आहे. संच मान्यतेत डोकी मोजत नाहीत, आधार जुळलेली डोकी मोजतात. पोर्टलवर मुलाचं नाव, लिंग, जन्मतारीख आधारशी तंतोतंत जुळली तरच तो 'वैध'. माझ्या वर्गात यंदा एक मुलगा आहे. दाखल्यावर 'सोमनाथ', आधारवर 'सोमा', आणि जन्मतारखा सगळ्या भावंडांच्या १ जानेवारी. दुरुस्ती करायची तर बापाने एक दिवस खाडा करून केंद्रावर जायचं. रोजंदारी बुडवून कोण जाईल? मग मीच शनिवारी शाळा सुटल्यावर त्याला आणि त्याच्या आईला रिक्षात घालून घेऊन गेले. मशीनला त्याचे ठसे लागेनात. आठ-नऊ वर्षांचं पोर, वीटभट्टीवर बापाबरोबर विटा उलटतं, बोटांची कातडी गुळगुळीत. तीन खेपा झाल्या.

आता हिशोबनीस सरांच्या ८० हजारांबद्दल. हो, माझा पगार बरा आहे. लपवत नाही. पण तुम्ही ३३ हजारांत मी शिकवते असं धरलंय. मी किती दिवस शिकवते, ते धरा. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढीच तीन बाहेरची कामं आहेत. ऐकायला कमी वाटतात. पण निवडणुकीत मतदार यादी आली, बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम आलं, घरोघर फिरणं आलं. जनगणना आता येतेच आहे. त्याशिवाय रोजची खिचडीची ऑनलाइन माहिती, गणवेशाची माहिती, शौचालयाचा फोटो, झाड लावल्याचा फोटो, ते झाड जगल्याचा फोटो. ग्रुपवर 'तात्काळ' असं लाल अक्षरात आलं की फळ्यावर अर्धवट राहिलेली वजाबाकी तशीच राहते.

आणि नव्या माणसाचं बघा. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षणसेवक येतो, तीन वर्षं १६ हजारांवर. २०२३ पर्यंत तर सहाच हजार होते. नाशिकमध्ये १६ हजारांत खोली भाड्याने घेऊन राहून दाखवा. जुन्यांवर आता टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) टांगती तलवार. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त बाकी आहेत त्यांनी दोन वर्षांत ती पास व्हायची. आमच्या शाळेतल्या ४८ वर्षांच्या बाई रात्री भांडी घासून झाली की बालमानसशास्त्राचे वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवत बसतात. दिवसभर बालकांचं मानसशास्त्र हाताळून.

करदाता सिडको

मॅडम, सगळं मान्य. पण मी घरपट्टी भरतो, तिच्यात शिक्षण कर असतो. माझी दोन्ही मुलं खासगीत, त्यांची फी वेगळी. म्हणजे मी दोनदा भरतो. त्या पैशाचं होतं काय? सरळ सगळी पोरं २५ टक्क्यांत खासगी शाळांत घाला, सरकार फी भरेल, मनपाने शाळा चालवणं बंद करावं. शाळांच्या जागा मोक्याच्या आहेत.

दगडी पूल

शेवटचं वाक्य चुकून खरं बोललात. 😄

हिशोबनीस

करदाता, तुमचा मुद्दा माझ्या बाजूचा दिसतो, पण चुकीचा आहे. घरपट्टीत सरकारचा जो शिक्षण उपकर येतो तो १९६२ च्या कायद्याने मनपा फक्त गोळा करते, तो राज्याच्या तिजोरीत जातो. मनपाचा शिक्षण कर वेगळा. आणि शिक्षकांच्या पगाराचं वाटप बघा: जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार राज्य सरकार उचलतं, मनपाच्या शिक्षकाच्या पगाराचा निम्मा भार मनपावर. हे जुनं गणित आहे. शहर श्रीमंत, जकात भरपूर, म्हणून शहराने अर्धं सोसावं. ती जकात २०१३ मध्ये गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. एलबीटी गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता मनपा दर महिन्याला राज्याच्या जीएसटी अनुदानाची वाट बघते. कमाईचं साधन गेलं, निम्मा पगार राहिला. इथे मी पेठरोडकरांच्या बाजूने आहे: हे निम्मं-निम्मं मोडायला हवं.

आणि २५ टक्के खासगीत ढकलण्याचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने उलटंच केलं होतं. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीला २५ टक्क्यांतून सूट. उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो नियम रद्द केला. म्हणजे सरकारला मनपा शाळेचा पट वाढवायचा होता, पण शाळा सुधारून नाही, दुसरं दार बंद करून.

अंबडची आई

मी पालक. माझा मुलगा चौथीपर्यंत मनपाच्या शाळेत होता आणि त्याच्या बाई, खरं सांगते, देवमाणूस होत्या. तरी पाचवीला काढला. का, ते इथे कुणी लिहीतच नाही म्हणून लिहिते.

मनपाची शाळा बहुतेक ठिकाणी सातवी-आठवीला संपते. माध्यमिक शाळा शहरात डझनभर. अनुदानित संस्थांच्या हायस्कुलात पाचवीपासून वर्ग असतात आणि पाचवीला जागा मिळते, आठवीला मिळत नाही. आठवीला गेलं की 'जागा भरल्या', नाहीतर 'डोनेशन'. मग कोण शहाणी आई आठवीपर्यंत थांबेल? पाचवीला वर्गातली निम्मी मुलं एकदम निघाली. बाई दारात उभ्या राहून दाखले देत होत्या आणि रडत होत्या. मला तेव्हा वाटलं आमच्यासाठी रडतायत. नंतर कळलं की पट घसरून त्याच अतिरिक्त, म्हणजे जास्तीच्या शिक्षिका, ठरणार होत्या.

एका खासगी इंग्रजी शाळेत धाकटीला घातलं होतं, नाव नको. दोन वर्षं. फीला उशीर झाला की पोरीला वर्गाबाहेर उभी करायचे. तिथल्या मिसचा पगार नऊ हजार होता, तीच मला म्हणाली. नवऱ्याची कंपनीतली पाळी कमी झाली तेव्हा काढून परत मराठी शाळेत आणली. तर आता 'पट वाढला' म्हणून बाई पेढे द्यायच्या बाकी राहिल्या.

तुम्ही तीनदा मोजा नाहीतर दहादा मोजा. त्याच आवारात दहावीपर्यंत शाळा करा. मी हलणार नाही.

पेठरोडकर

ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी खालून येणाऱ्या पोरांकडे बघत होतो, तुम्ही वरून निघणाऱ्यांकडे.

वडाळा नाका

सगळेजण 'पट घसरला, पट घसरला' म्हणताय. उर्दू माध्यमाकडे या जरा. जुन्या नाशकात, वडाळ्यात पट घसरत नाही. एका बाकावर तिघी बसतात. आमच्याकडे पोरी सातवीनंतर लांबच्या शाळेत पाठवत नाहीत, म्हणून जवळची शाळा हीच एक शाळा. आणि पदं? मंजूर असली तरी भरत नाहीत. बिंदुनामावलीत (आरक्षणाच्या क्रमाच्या यादीत) जागा एखाद्या प्रवर्गाला राखीव येते, त्या प्रवर्गात उर्दूतून डीएड केलेला उमेदवार नसतो. जागा रिकामी, पुढच्या भरतीत पुन्हा तीच जागा, पुन्हा रिकामी. इथे आधी मोजणी बरोबर, मंजुरी बरोबर, तरी बाई नाही. पेठरोडकर भाई, तुमचं तीनदा मोजणं आम्हाला काय देणार?

हिशोबनीस

म्हणजे एकीकडे दोन शिक्षकांत ५७ आणि दुसरीकडे एका बाकावर तिघी. मी विखुरला म्हटलं ते हेच. पण मराठीचा अतिरिक्त शिक्षक उर्दूला देता येत नाही, हे कबूल. समायोजनाच्या, म्हणजे जास्तीचे शिक्षक दुसरीकडे हलवण्याच्या, कागदावर ते दिसत नाही.

पाड्यावरचा मास्तर

सुरगाण्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. धाग्याच्या मालकांना थेट विरोध करतो, राग मानू नये.

ते पोर ३० सप्टेंबरला कुठे होतं म्हणता? माझ्याकडे होतं. माझ्या पटावर. त्याच्यावर माझं पद टिकून आहे. तुम्ही डिसेंबरात त्याला नाशकात मोजलंत तर माझ्याकडून वजा करणार ना? वजा केलंत की माझी दोन शिक्षकी शाळा एकशिक्षकी झाली. मार्चमध्ये ते परत येतं तेव्हा मी एकटा. जून ते नोव्हेंबर, सहा महिने, ते माझ्याचकडे शिकतं. शहराने मजूर नेले, आता पटही न्या.

आणि वजा न करता दोन्हीकडे मोजायचं म्हटलं, तर २०११ आठवा. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला अख्ख्या राज्यात एकाच वेळी पटपडताळणी झाली होती. आमच्या केंद्रात पोरांच्या बोटाला शाई लावत होते, मतदानासारखी. एकच पोर दोन शाळांत उभं करायचे म्हणून. त्यात जी बोगस नावं निघाली त्याचा डाग अजून आम्हा सगळ्यांच्या कपाळावर आहे. आधारचा जाच त्यातूनच आला. तीनदा मोजणी म्हणजे तीनदा त्या भानगडीला दार.

खरं तर पोर जाऊच नये. गावात हंगामी वसतिगृह चाललं, आजीपाशी ठेवता आलं, तर ते वर्षभर माझ्याकडे राहील. पैसा तिकडे लावा.

खडूफळा

मास्तर, नमस्कार. आजीपाशी ठेवलेली मुलगी चांगली शिकते हे खरं, पण ती आजीचं पाणीही भरते. आणि आईबरोबर आलेली धाकट्याला सांभाळते. मी दोन्ही बघितल्यात. कुठली बरी, मला सांगता येत नाही.

पण तुमचं पद जाऊ नये हे मात्र शंभर टक्के. दादांनी मानधनावरचा शिक्षक मागितलाय, संच मान्यतेतलं पद नाही. हा फरक धरा. तुमचा पट तसाच राहील. इथे चार महिन्यांपुरती एक जास्तीची बाई. कमी पैशात होणारी गोष्ट आहे.

पाड्यावरचा मास्तर

कमी पैशात म्हणजे किती मॅडम? कमी पैशात शिकवणारा कमी पैशातच शिकवतो. माझा पुतण्या घड्याळी तासिकेवर (तासाप्रमाणे पैसे) आहे, सकाळी तास आणि दुपारी पेट्रोल पंप.

करदाता सिडको

मी अजूनही माझ्या मतावर आहे. मनपाचं बजेट तीन हजार कोटींच्या घरात, सिंहस्थासाठी वेगळे हजारो कोटी, आणि इथे चार महिन्यांच्या बाईला पैसे नाहीत म्हणता. मग ज्या पैशाचं होत नाही ती शाळा कशाला चालवायची? अंबडच्या ताईंच्या बाई देवमाणूस होत्या, पण देवमाणसावर व्यवस्था चालत नाही.

दगडी पूल

करदाता, सिंहस्थाचा पैसा २०२७ च्या रस्ते-घाटांसाठी येतो, तो शाळेला वळवता येत नाही. पण रस्त्यांसाठी फाईल दोन महिन्यांत फिरते, हे तुमच्या लक्षात आलंय ते बरं झालं.

स्मार्ट स्कूलबद्दल मात्र पेठरोडकरांशी माझं भांडण आहे. स्मार्ट सिटीच्या पैशातून साडेसहाशेच्या आसपास वर्गांत डिजिटल फळे बसले. चेष्टा करू नका. माझ्या कामवालीच्या मुलीने त्या फळ्यावर पृथ्वी फिरताना बघितली आणि घरी येऊन टोमॅटो फिरवून आईला दिवस-रात्र दाखवली. शिक्षक नाही म्हणून फळाही नको, हा कुठला न्याय? दोन वेगळ्या खिशांतले पैसे आहेत. हा खिसा एकदाच भरतो, यंत्र घेता येतं. पगाराचा खिसा दर महिन्याला भरावा लागतो, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. फोटोही येत नाही त्याचा.

पेठरोडकर

टोमॅटो मान्य. स्मार्ट स्कूलवरचं वाक्य मागे घेतो. रागात लिहिलं होतं.

मास्तरांचं मात्र मनाला लागलं. मी हे शहराच्या बाजूने बघितलं होतं. 'आमच्या रेघेवर' असं लिहिलं, जसं काही पोर आमचंच. आता मागणी बदलतो: पट एकदाच मोजा, जिथे सप्टेंबरात आहे तिथेच. पद तिथेच. पण पोर निघताना मास्तर त्याला शिक्षण हमी कार्ड (जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून) देतातच, ते कार्ड जिथे जमा होईल तिथे कार्डांच्या संख्येवर हंगामी शिक्षक. पैसे राज्याचे, मनपाचे नाहीत, कारण पोर तालुक्यातून तालुक्यात आलंय आणि त्यात मनपाचा दोष नाही. वीस कार्डांना एक. मास्तर, चालेल?

हिशोबनीस

राज्याचे म्हटलं की सोपं होतं सगळं. माझा विरोध कायम. हंगामी बाई आली तरी चार इयत्ता एका खोलीतच. आधी शाळा मोठी करा, दहावीपर्यंत करा, अंबडच्या ताई म्हणतात तशी. मग तुमची वीस कार्डं चारशेच्या शाळेत सहज सामावतील, वेगळी बाई लागणारही नाही. तुम्ही फाटक्या सदऱ्याला चांगलं ठिगळ शोधताय.

अंबडची आई

सदरा शिवून होईस्तोवर पोराने काय उघडं बसायचं का दादा?

पाड्यावरचा मास्तर

कार्डांचं चालेल. एक अडचण सांगतो. आम्ही कार्ड देतो तेव्हा पोर कुठे जाणार हे आई-बापालाच माहीत नसतं. मुकादम जीपमध्ये बसवतो तेव्हा कळतं दिंडोरी की नाशिक. मग कार्डावर 'जाण्याचे ठिकाण' या रकान्यात आम्ही 'द्राक्षबाग' लिहितो. कुणाची, कुठली, देव जाणे. मागच्या वर्षी सोळा कार्डं दिली, मार्चमध्ये परत आली तेव्हा चारांवर शिक्का होता. बाकीची पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली, घडी न मोडलेली.

वडाळा नाका

म्हणजे बारा पोरं चार महिने कुठल्याच पटावर नव्हती.

खडूफळा

माझ्याकडे यंदा नऊ कार्डं आली, बाकी बिनकार्डाची. दाखला नाही, कार्ड नाही म्हणून मी कुणाला परत पाठवलं नाही, कायदाही पाठवू देत नाही. वयानुसार वर्गात बसवायचं, एवढंच.

आज सकाळी अकरा जणं गेली. शिमगा आला. सोमनाथ जाताना पाटी परत द्यायला आला, मी म्हटलं असू दे. त्याचं आधार परवाच दुरुस्त झालं, चौथ्या खेपेला. पोर्टलवर हिरवी खूण आली आणि तो जीपमध्ये बसला. मास्तर, तो बहुतेक तुमच्याच बाजूचा आहे, बोरगावच्या पुढचा पाडा म्हणत होता. कार्डावर शिक्का मारलाय, तिसरीची बेरीज हातच्याची येते, गुणाकार राहिलाय. तुम्ही बघून घ्या. बाकीच्यांना उद्या उत्तर देते, मतदार यादीवाल्यांचा फोन वाजतोय.